इख्थिस

इख्थिस : आद्य ख्रिस्ती समाजाचे मत्स्यचिन्ह. ग्रीकमध्ये ‘इख्थिस’ म्हणजे मासा. इओटा, खी, थीटा, उप्सिलॉन व सिग्मा ही या शब्दाची पाच अक्षरे ‘इएसूस ख्रिस्तोस थेऊ हुइओस सोतेर’ (येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा) या शब्दांची आद्याक्षरे होत. ‘हुइओस’मधील ‘ह’ हा ग्रीक लिपीत केवळ उच्चारखुणेने दाखवतात, ते स्वतंत्र अक्षर नाही. म्हणून तेथे उप्सिलॉनच धरायचे.

मासा आधी की आद्याक्षरे आधी, याविषयी एकमत नाही. सीरियातील अटारगाटिस देवीच्या पवित्र माशांशी काहींनी संबंध जोडला आहे. पण त्याला थेट आधार मिळत नाही. येशूचे कोळी शिष्य, पाच भाकरी व दोन मासे यांची कथा आणि बाप्तिस्म्याचे पाणी यांतून मासा रुजला व आद्याक्षरांनी त्याचा अर्थ पक्का केला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ख्रिस्ती लेखक अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट (इ. स. २०० च्या सुमारास) मुद्रेच्या अंगठीसाठी कबूतर, मासा, गलबत, वीणा व गलबताचा नांगर सुचवतो, मात्र माशाचा अर्थ सांगत नाही, तो वाचकांना ठाऊक असावा. त्याच सुमारास ख्रिस्ती लेखक टर्टुलियन लॅटिन लिहितानाही हा ग्रीक शब्द तसाच ठेवतो आणि ख्रिस्ती लोकांना पाण्यात जन्मणारे छोटे मासे म्हणतो.

सिबिलच्या (प्राचीन भविष्यवादिनीच्या) नावाने प्रचलित भविष्यवाणीच्या आठव्या भागात याच पाच शब्दांच्या प्रत्येक अक्षराने एकेक ओळ सुरू होते. ‘ख्रिस्तोस’ तेथे एक स्वर वाढवून आठ अक्षरी लिहिला आहे, म्हणून ६+८+४+४+५ अशा २७ ओळी भरतात. पुढे ‘स्ताव्रोस’ (क्रूस) या शब्दाच्या सात ओळी धरल्या की ३४. ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने २७ ओळींचा लॅटिन अनुवाद दिला आहे. उप्सिलॉनने सुरू होणारे शब्द लॅटिनमध्ये नसल्यामुळे त्या ओळींची आद्याक्षरे जुळली नाहीत, हे तो स्वतःच नोंदवतो.

व्हॅटिकन परिसरात सापडलेली लिसिनिया अमियास हिची समाधिशिला (बहुधा तिसऱ्या शतकाचा प्रारंभ) विशेष महत्त्वाची आहे. वर पितरांना अर्पण करण्याची रोमन आद्याक्षरे डी. एम., त्यांच्यामध्ये पुष्पचक्र. खाली ग्रीकमध्ये ‘जिवंतांचा मासा’ आणि दोन माशांमध्ये नांगर. जुना रिवाज व नवी श्रद्धा एकाच दगडावर आहेत. फ्रीजियातील (आशिया मायनर) अबेर्कियसच्या समाधिलेखातही झऱ्याचा, पवित्र कुमारिकेने धरलेला मासा येतो. त्याचे अनुकरण करणाऱ्या दुसऱ्या लेखावर इ. स. २१६ चा काळ असल्याने अबेर्कियसचा लेख त्याआधीचा ठरतो.

आशिया मायनरमधील इफेससच्या फरशीवर आठ आऱ्यांचे चाक आढळते; त्यात ‘इख्थिस’ची पाचही अक्षरे सामावतात. वर्तुळ व आडवी रेघ म्हणजे थीटा, उभी रेघ इओटा, दोन तिरक्या रेघा खी; तिरक्यांचे वरचे अर्धे व उभीचा खालचा अर्धा मिळून उप्सिलॉन; वर्तुळाची डावी बाजू म्हणजे चंद्रकोरीसारखा जुना सिग्मा. अशी चाके खेळाचे पट म्हणूनही कोरली जात. शेजारी अक्षरे किंवा क्रूस नसल्यास ती ख्रिस्ती ठरवू नयेत. हीच काळजी फरशीचित्रांतील माशांबाबतही घ्यावी, कारण रोमन भोजनगृहांत मासा हा नित्याचा विषय होता.

ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळात एकाने धुळीत कमान काढायची, दुसऱ्याने ती पुरी करून माशाचा आकार साधायचा, ही ओळखखुणेची कथा लोकप्रिय आहे. मात्र तिला प्राचीन ग्रंथांचा आधार नाही.