मंदीवाल्यांची कोंडी आणि छोटा गुंतवणूकदार

जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील गेमस्टॉप या व्हिडिओ गेम विकणाऱ्या दुकानसाखळीच्या शेअरने जगभर खळबळ उडवली. महिन्याच्या सुरुवातीला १७ डॉलरच्या आसपास असलेला हा शेअर २७ तारखेला सुमारे ३४७ डॉलरवर बंद झाला आणि २८ तारखेला व्यवहार चालू असताना काही काळ ४८३ डॉलरपर्यंत गेला. सामान्य माणसांनी एकजुटीने धनाढ्य फंडांना गुडघे टेकायला लावले, ही त्या घटनेची कथा आजही मोठ्या आवडीने सांगितली जाते. ‘शॉर्ट स्क्वीझ’, म्हणजे भाव पडण्यावर पैज लावणाऱ्या मंदीवाल्यांची भाव वाढल्याने होणारी कोंडी, घडणार असल्याचे कळले की त्या शेअरमध्ये हमखास पैसा मिळतो, हा समजही त्याच कथेतून रुजला आहे. तो घातक आहे, आणि त्याचे कारण या घटनेमागच्या यंत्रणेतच दडलेले आहे.

भाव पडणार असे ज्याला वाटते, तो शेअर उसने घेऊन आज विकतो आणि पुढे स्वस्तात खरेदी करून परत करतो. हे झाले शॉर्ट सेलिंग. शेअर विकत घेणाऱ्याचा तोटा त्याने गुंतवलेल्या रकमेपुरता असतो, कारण भाव शून्याखाली जात नाही. उसना शेअर विकणाऱ्या मंदीवाल्याच्या तोट्याला मात्र वरची मर्यादा नाही. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. खरी विलक्षण गोष्ट त्यापुढची आहे, आणि ती आकड्यांतूनच नीट दिसते.

समजा, एका मंदीवाल्याने १०० डॉलर भावाने १,००० शेअर उसने घेऊन विकले. विक्रीचे १ लाख डॉलर आणि त्याने स्वतः ठेवलेले ५० हजार डॉलर असे दीड लाख दलालाकडे जमा आहेत. देण्याच्या, म्हणजे परत करायच्या शेअरच्या, किमतीच्या निदान ३० टक्के इतके स्वतःचे भांडवल खात्यात राहिलेच पाहिजे, असा नियम धरू. भाव १२० झाला की देणे १ लाख २० हजारांवर जाते आणि भांडवल ३० हजार, म्हणजे २५ टक्केच, उरते. नवे पैसे नसतील तर देणे १ लाखावर आणण्यासाठी त्याला १६७ शेअर विकत घ्यावे लागतात. आता भाव आणखी २० डॉलरने वाढून १४० झाला, तर उरलेल्या ८३३ शेअरवरील तोट्याने भांडवल १३ हजारांच्या थोडे वर येते, आणि त्या भांडवलावर जेमतेम ३१७ शेअरचे देणे ठेवता येते. म्हणजे या वेळी तब्बल ५१६ शेअर घ्यावे लागतात. भाववाढ दोन्ही वेळा २० डॉलरचीच, पण सक्तीची खरेदी तिप्पट झाली.

भाव वाढला की मागणी घटते, हा शाळेत शिकलेला नियम इथे उलटा फिरतो. ध्वनिक्षेपकाचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरून पुन्हा मोठा होऊन बाहेर पडतो आणि कर्कश शीळ निर्माण होते, तशीच ही धन प्रतिपुष्टी आहे. मात्र ही खरेदी कंपनीच्या नफ्याशी संबंध नसलेली, सक्तीची आणि मोजकी असते. वरच्या उदाहरणातल्या मंदीवाल्याने हजारावा शेअर परत केला की त्याची मागणी एका क्षणात शून्य होते.

विक्रीला असलेले शेअर थोडे असले तर ही प्रतिपुष्टी किती उग्र होते, याचे उदाहरण जर्मनीत घडले. २६ ऑक्टोबर २००८ रोजी पोर्शे कंपनीने जाहीर केले की फोक्सवॅगनचे ४२.६ टक्के शेअर तिच्याकडे आहेत आणि आणखी ३१.५ टक्क्यांवर तिने ऑप्शन, म्हणजे त्या शेअरच्या भावाशी बांधलेले करार, घेतलेले आहेत. लोअर सॅक्सनी राज्याकडे सुमारे २० टक्के होते. बाजारात फिरणारे शेअर जेमतेम ६ टक्के उरले आणि उसने घेऊन विकलेले त्याहून अधिक निघाले. शुक्रवारी २१० युरोच्या आसपास असलेला भाव मंगळवारी काही काळ १,००० युरोपलीकडे गेला. पोर्शेने काही शेअर मोकळे करण्याची तयारी दाखवताच तो कोसळला.

गेमस्टॉपमध्ये तर उसने विकलेले शेअर बाजारात फिरणाऱ्या शेअरच्या शंभर टक्क्यांहून अधिक होते. यात लबाडीच असली पाहिजे, असे पुष्कळांना वाटले. पण उसना शेअर ज्याने विकत घेतला, त्याच्या खात्यातून तोच शेअर पुन्हा उसना दिला जाऊ शकतो आणि दोनदा मोजला जातो. परतफेडीतही मूळ मालकाकडे आलेला शेअर तो लगेच विकू शकतो, म्हणजे एकच शेअर अनेक देणी फेडतो. त्यामुळे ‘मंदीवाल्यांना वाटेल तो भाव द्यावाच लागेल’ हा दावा टिकत नाही.

अमेरिकी नियामक संस्थेने, सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने, ऑक्टोबर २०२१ मधील अहवालात म्हटले की मंदीवाल्यांची परतफेडीची खरेदी हा त्या काळातील एकूण खरेदीचा लहानसा भाग होता. चढा भाव मुख्यतः इतरांच्या उत्साहाने टिकला. मेल्विन कॅपिटल या फंडाने जानेवारीत निम्म्याहून अधिक मूल्य गमावले हे खरे. पण ३०० डॉलरला शेअर घेणाऱ्याने कोंडीत सापडलेल्या फंडाला नव्हे, तर आधी घेऊन बसलेल्या दुसऱ्या कोणाला तरी पैसे दिले असण्याची शक्यता अधिक. ४ फेब्रुवारीला भाव सुमारे ५३ डॉलर होता.

दलालाचीही मर्यादा असते. २८ जानेवारीला रॉबिनहूड या दलाल कंपनीने गेमस्टॉपच्या शेअरची नवी खरेदी थांबवली, कारण पूर्ण न झालेल्या सौद्यांच्या हमीपोटी समाशोधन संस्थेने (सौद्यांचा हिशेब पूर्ण करून देणाऱ्या संस्थेने) तिच्याकडे सुमारे ३ अब्ज डॉलरची अनामत मागितली होती. ती मागणी पुढे कमी झाली, पण ग्राहकाला आयत्या वेळी विक्रीखेरीज मार्ग उरला नाही. अशा कोंडीचा दिवस ग्रहस्थितीवरून किंवा टेलिग्रामवरच्या ‘टार्गेट’वरून ओळखता येतो असे सांगणारे लोक भोळ्या माणसांची फसवणूक करत आहेत, कारण मंदीवाल्यांच्या खात्यात किती भांडवल उरले आहे, हे त्यांना दिसत नाही.

आपल्याकडे शेअर उसने न घेता विकून दुसऱ्या दिवसावर सौदा नेण्यास सेबीची मनाई आहे. छोटे सटोडिये सकाळी शेअर विकतात आणि दुपारी परत घेतात. पण त्या शेअरला अप्पर सर्किट लागले, म्हणजे भाव त्या दिवसाच्या वाढीच्या कमाल मर्यादेला पोहोचला, तर विक्रेताच उरत नाही आणि खरेदी करता येत नाही. मग बाजार तो शेअर लिलावातून मिळवतो, तोही न मिळाल्यास नियमाने ठरलेल्या चढ्या दराने हिशेब मिटवला जातो, आणि फरकाची रक्कम विकणाऱ्याच्या खात्यातून वसूल होते.