'मोबी-डिक'च्या जहाजावरची १८५१ची अमेरिका

हर्मन मेलव्हिलची 'मोबी-डिक' ही कादंबरी ऑक्टोबर १८५१मध्ये लंडनला आणि पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कला प्रसिद्ध झाली. पांढऱ्या देवमाशाने पाय तोडला म्हणून त्याच्यामागे जगभर धावणाऱ्या पिसाट कप्तानाची गोष्ट, एवढीच तिची ओळख अनेकांना असते. तिच्या लेखनकाळात अमेरिकेत जे घडत होते, ते मात्र त्या जहाजावर जागोजाग सापडते.

१८५०च्या कायद्याने पळून आलेल्या गुलामांना मालकाच्या हवाली करणे उत्तरेकडील राज्यांनाही भाग पडले. एप्रिल १८५१मध्ये बोस्टनला पकडलेल्या टॉमस सिम्सची सुटका करण्यास मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला आणि त्याची जॉर्जियाला रवानगी झाली. गुलामगिरी व्यक्तिशः नापसंत असूनही कायद्यावर बोट ठेवणारे तेथील सरन्यायाधीश लेम्युएल शॉ हे मेलव्हिलचे सासरे होते. कप्तान एहॅबचा बेत पाप आहे हे ओळखूनही, हाती बंदूक असताना त्याला न अडवणाऱ्या स्टारबक या जहाजावरच्या मुख्य अधिकाऱ्याशी शॉ यांचे थेट नाते जोडण्याचा मोह आवरलेला बरा. पण असा सज्जन दुबळेपणा लेखकाने घरातच पाहिला असावा.

१८४१मध्ये मेलव्हिल स्वतः देवमासे मारणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून गेला होता, त्यामुळे धंद्याचा हिशेब त्याला पाठ होता. खलाशांना पगार नसे, नफ्यात हिस्सा असे. बायबल वाचत बसलेला, क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचा मालक बिल्डाड निवेदक इश्माएलला ७७७वा हिस्सा देऊ पाहतो आणि अखेर सौदा ३००व्यावर ठरतो. हार्पून म्हणजे देवमासा मारायचा भाला फेकणारे तिघे दक्षिण समुद्रातील बेटावरचा, मूळ अमेरिकी आणि आफ्रिकी आहेत, अधिकारी मात्र गोरे. बुद्धी अमेरिकेची आणि स्नायू उरलेल्या जगाचे, असे निवेदक उपरोधाने सांगतो. होडीतून उडी मारणाऱ्या कृष्णवर्णीय पिपला जहाजाचा एक अधिकारी स्टब बजावतो की, अलाबामात तुझी जितकी किंमत येईल त्याच्या तीसपट देवमाशाची येते. सगळ्या कादंबरीत याहून उघडे वाक्य मला आढळलेले नाही.

एहॅब एकटा वेडा असता, तर प्रश्न सोपा होता. त्याने डोलकाठीवर १६ डॉलरचे सोन्याचे नाणे ठोकताच खलाशी आपण कशासाठी निघालो हे विसरून शपथ घेतात, आणि स्टारबकची पहिली हरकतही या सुडातून तेलाची किती पिंपे मिळतील, अशीच असते. १८४८मध्ये मेक्सिकोचा निम्मा मुलूख घेऊन युद्ध संपले, त्याला तेव्हा तीनच वर्षे झाली होती. 'सुटा मासा', म्हणजे अजून कोणी ताब्यात न घेतलेला देवमासा, कोणाच्या मालकीचा, या प्रकरणात मेलव्हिल विचारतो की १४९२ची अमेरिका, इंग्लंडच्या दृष्टीने हिंदुस्थान आणि उद्या मेक्सिको हे तरी दुसरे काय.

या पुस्तकातही त्या काळाचे दोष शिरलेले आहेत. 'पिक्वॉड' हे जहाजाचे नाव ज्या पिक्वॉट जमातीवरून आले, तिचे गाव १६३७मध्ये मिस्टिक येथे इंग्रज वसाहतवाल्यांनी जाळून शेकडो माणसे मारली. कादंबरी या जमातीला नामशेष म्हणते, पण तिचे वंशज कनेक्टिकटमध्ये टिकून होते आणि त्यांच्यापैकी एका गटाला १९८३मध्ये संघराज्याची मान्यता मिळाली. एहॅबचा गूढ साथीदार फेदल्ला तर पारशी दाखवला आहे. मुंबईच्या पारशांना ओळखणाऱ्या वाचकाला त्याच्यात पौर्वात्य सैतानाची ठरीव कल्पनाच अधिक दिसेल.