कपाटे बंद, खुर्च्या भरलेल्या: नागपूरच्या वाचनालयांची पार्श्वभूमी

नंदनवन, सक्करदरा, मानेवाडा या भागांत गल्लोगल्ली ‘अभ्यासिका’ अशा पाट्या दिसतात. महिन्याचे पैसे भरायचे आणि टेबल-खुर्ची, वाय-फाय, उन्हाळ्यात एसी किंवा निदान कूलर मिळवायचा. पुस्तके ज्याची त्याने आणायची. एमपीएससी, पोलीस भरती, बँक अशा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली तिथे रात्री उशिरापर्यंत बसतात. जुन्या सार्वजनिक वाचनालयांतही फारसे वेगळे चित्र नाही. कादंबऱ्यांच्या कपाटांकडे कोणी फिरकत नाही, अभ्यासाच्या खोलीत मात्र जागा मिळत नाही. यावर ‘वाचनसंस्कृती संपली’ अशी हळहळ हमखास ऐकू येते. वाचनालये पूर्वी कोणासाठी होती, हा प्रश्न त्या हळहळीत कुणी विचारत नाही.

भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाले. कचेऱ्या आल्या, १८६७ मध्ये रेल्वे आली, १८८३ मध्ये हिस्लॉप आणि १८८५ मध्ये मॉरिस कॉलेज सुरू झाले. वकील, शिक्षक, कारकून यांचा एक वर्ग उभा राहिला. त्याला वर्तमानपत्र हवे होते आणि चर्चेला चार माणसे हवी होती. राजाराम सीताराम दीक्षित वाचनालय किंवा महालातील राष्ट्रीय वाचनालय यांसारख्या जुन्या संस्थांमागे हीच गरज होती. वर्गणी, देणग्या आणि कार्यकर्त्यांचा वेळ यांवर त्या चालल्या. काम मोठेच होते. पण वाचता येणारा माणूस तिथे गृहीत धरलेला होता. अक्षरओळख करून देणे हे वाचनालयाचे काम आहे, असे त्या काळी कोणाला फारसे वाटत नव्हते.

ते काम शहराच्या दुसऱ्या टोकाला सुरू होते. किसन फागूजी बनसोडे यांनी १९०७ मध्ये नागपुरात दलित मुलींसाठी शाळा काढली, पुढे स्वतःचा छापखाना आणि वर्तमानपत्रे चालवली. ज्यांना वाचनालयाची पायरी परकी होती, त्यांच्यासाठी शाळा आणि छापील मजकूर दोन्ही त्यांनीच उभे केले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर हा प्रवाह रुंदावला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि मोलमजुरी करणारी माणसे गावी परतताना पिशवीत पुस्तके घेऊन जातात. वाचनसंस्कृतीची चिंता करणाऱ्यांनी एकदा त्या गर्दीत फिरून यावे. अनेक बुद्धविहारांत एक कपाट आणि चटया टाकून वाचनाची सोय झाली, तीही याच ओढीतून.

सरकारी व्यवस्थेचा इतिहास मात्र वेगळ्या वाटेने आला. मुंबई प्रांतात सरकारने नेमलेल्या फैजी समितीने १९४० मध्ये ग्रंथालयांच्या विस्ताराची टप्प्याटप्प्याची योजना सुचवली होती. नागपूर तेव्हा मध्य प्रांतात असल्याने त्या योजनेबाहेर राहिले. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. महाराष्ट्र स्थापन झाल्यावर १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला आणि सगळ्या विभागांना एकच चौकट लागू झाली. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात ग्रंथालय कर होता, महाराष्ट्राने तो ठेवला नाही. त्यामुळे सगळा भार सरकारी अनुदानावर आणि अनुदानाचे गणित अ, ब, क, ड या वर्गांवर. ग्रंथ किती, नियतकालिके किती, सभासद किती, यावर प्रामुख्याने वर्ग ठरतो.

या गणितातली रक्कम किती किरकोळ आहे ते सांगायला हवे. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तेव्हा ‘ड’ म्हणजे सर्वांत खालच्या वर्गाचे वार्षिक ३०,००० रुपये ४८,००० झाले. म्हणजे महिन्याला ४,०००. त्यातले निम्मे पगारापोटी धरले, तर ग्रंथपालाच्या हाती तेव्हा २,००० रुपये पडत. एवढ्यात रात्री दहापर्यंत दार उघडे कोण ठेवणार? दुसरीकडे, २०१२ मध्ये राज्यभर वाचनालयांची पडताळणी झाली आणि त्यानंतर नव्या वाचनालयांना मान्यता मिळणे जवळपास थांबले. नेमक्या याच काळात शहर बेसा, मानेवाड्याच्या बाजूने वाढत गेले. नव्या वस्त्यांत खासगी अभ्यासिकांना मोकळे रान मिळाले, त्याचे एक कारण माझ्या मते हे आहे.

२०११ च्या जनगणनेत नागपूर जिल्ह्याची साक्षरता ८८ टक्क्यांवर पोहोचली होती. आता अडचण अक्षरांची उरली नाही, जागेची आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडून आलेली मुले एका खोलीत तिघे-चौघे राहतात. शहरातल्या दोन खोल्यांच्या घरातही टीव्ही आणि पाहुणे असतात. कोरोनाच्या टाळेबंदीत वाचनालये बंद पडली, तेव्हा सर्वांत मोठी पंचाईत यांचीच झाली. १५ ऑक्टोबर २०२० पासून ती उघडायला परवानगी मिळाली आणि बरेच जुने सभासद परतण्याआधी परीक्षार्थी परतले.

त्यांच्यात कित्येक जण घरातले पहिलेच पदवीधर आहेत. वर्तमानपत्र वाचायला जमणाऱ्या त्या जुन्या मंडळींत यांच्या आजोबांना जागा नव्हती. म्हणून अभ्यासिकेला ऱ्हास म्हणायला मी तयार नाही. तक्रार करायचीच तर ती वेगळी आहे: गाइड आणि प्रश्नसंच यांपलीकडचे पुस्तक या मुलांच्या हाती देणारा, पगार वेळेवर मिळणारा ग्रंथपाल सार्वजनिक वाचनालयात नाही. खासगी अभ्यासिकेत तर तो पहिल्यापासूनच नाही, आणि दहावीच्या आतल्या मुलांसाठी या दोन्ही ठिकाणी जवळजवळ काहीच नाही.