आधी साबण, मग औषधी शाम्पू, आणि सगळं पाण्यात

आमचा भुऱ्या अस्सल देशी कुत्रा, इंदूरच्या लोकमान्यनगरमध्ये एका नालीत सापडलेला. मागच्या पावसाळ्यात त्याला अशी खाज सुटली की रात्री दोन वाजता पलंगाखालून खर्र खर्र आवाज, कान लाल, काखेतले केस गेलेले, आणि अंगाला खवट तेलासारखा वास. डॉक्टरांनी औषधी शाम्पू दिला, आठवड्यातून दोनदा. तीन आठवडे इमानदारीत केलं. फरक शून्य.

मी गेलो भांडायला, म्हटलं तुमचा शाम्पू बोगस आहे. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "शाम्पूच्या आधी काही लावता का?" लावतो ना! आईचं म्हणणं असं की एवढा मळलेला कुत्रा, महागाचा शाम्पू मळावर कशाला वाया घालवायचा, म्हणून आधी आपला अंगाचा साबण खसाखसा आणि मग औषध. "आणि औषध किती वेळ ठेवता?" किती म्हणजे काय, फेस झाला की पाणी. डॉक्टर हसले आणि म्हणाले, तीन आठवडे तुम्ही औषध गटारीला पाजलंत.

का, हे समजलं तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगत सुटलोय, आता तुमची पाळी.

आधी खाजेचं थोडक्यात. भुऱ्याच्या काखेत सेलोटेप चिकटवून काढली, रंग देऊन मायक्रोस्कोपखाली धरली, मलाही बघू दिलं, तर भुईमुगाच्या शेंगेसारखे दिसणारे ढीगभर जीव. ही मॅलॅसेझिया नावाची यीस्ट, म्हणजे बुरशीच. निरोगी कुत्र्याच्या अंगावरही ती असते, थोडी असते आणि गप्प असते. दमट हवा, अ‍ॅलर्जी, सतत चाटून ओली राहिलेली कातडी, असं काही जमून आलं की बेसुमार वाढते. सोबत स्टॅफिलोकॉकस जातीचे बॅक्टेरियाही हात धुऊन घेतात. आणि कुत्र्याची कातडी दिसते जाड पण ते सगळे केस, खालच्या जिवंत पेशींचे थर जेमतेम तीन ते पाच, आपले दहा-पंधरा.

आता माझा आवडता भाग. या शाम्पूत अनेकदा दोन औषधं असतात, क्लोरहेक्सिडिन आणि मायकोनाझोल. मायकोनाझोल बुरशीला तिच्या पेशीच्या पडद्याचा एक जरुरी घटक, एर्गोस्टेरॉल, बनवू देत नाही, तो पडदा मग गळका होतो. ठीक आहे. पण क्लोरहेक्सिडिन! हा रेणू निघाला इंग्लंडमध्ये, मलेरियाच्या औषधांवर काम चालू होतं त्या धाग्यातून, 1940 च्या दशकाच्या शेवटाशेवटाला. डायबेटिसची मेटफॉर्मिन गोळी घरोघरी असते ना, ती पण याच बायग्वानाइड खानदानातली. क्लोरहेक्सिडिनमध्ये असे दोन बायग्वानाइड आहेत, दोन टोकांना, मध्ये सहा कार्बनची साखळी, आणि दोन्ही टोकांवर प्लस चार्ज. जंतूच्या बाहेरच्या अंगावर फॉस्फेट वगैरेंमुळे मायनस चार्ज. प्लस-मायनसचं काय होतं ते शाळेत झालंय. रेणू धावत जाऊन चिकटतो, तिथे विटांमधल्या सिमेंटसारखं काम करणारे कॅल्शियम-मॅग्नेशियम असतात त्यांना हुसकावतो, आणि आतल्या पडद्यापर्यंत पोचतो. तो पडदा फॉस्फोलिपिड नावाच्या चरबीसारख्या रेणूंचा, त्यांची डोकी पाण्याकडे, शेपट्या आत. सहा कार्बनची साखळी पडद्यात दुमडून घुसायला तोकडी पडते, म्हणून रेणू वरच राहून दोन शेजारच्या डोक्यांना दोन्ही हातांनी धरून ठेवतो. असे हजारो पूल बांधले गेले की पडद्याचा लवचिकपणा जातो आणि आतलं पोटॅशियम बाहेर गळायला लागतं. डोस जास्त असेल तर पेशीच्या आतला ऐवज दूध फाटावं तसा फाटतो. (इथे कोणी झोपलं असेल तर एवढंच लक्षात ठेवा, औषधाचं सगळं बळ त्या प्लसमध्ये आहे.)

आणि आपला साबण? त्याच्या रेणूचं डोकं मायनस! औषध जंतूपर्यंत पोचायच्या आधीच साबणाशी त्याचं लग्न लागतं, दोघांचं मिळून पाण्यात न विरघळणारं मीठ होतं आणि बादलीभर पाण्यासोबत वरात गटारीत. माणसांच्या शाम्पूतलं फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट पण मायनसवालंच. म्हणून तर हिरड्यांसाठी क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश देताना डेंटिस्ट सांगतात की पेस्टने दात घासल्यावर लगेच नाही, अर्धा तास थांबा, कारण पेस्टच्या फेसातही तेच असतं. औषधी शाम्पूला स्वतःचा फेस असतो, पण त्यात चार्ज नसलेले किंवा दोन्ही चार्जवाले फेसकारक निवडलेले असतात.

हाच प्लस कातडीच्या प्रोटीनलाही धरतो, त्यामुळे धुतल्यावरही थोडं औषध अंगावर टिकून काम करत राहतं, पण त्याला चिकटायला वेळ तर द्याल? दहा मिनिटं. ती पूर्ण अंगाला फेस लागल्यापासून मोजायची.

बाकी सल्ले इंदूरमध्ये फुकट मिळतात. एक काका म्हणाले नजर लागली, गळ्यात काळा दोरा बांधा. दुसरे, "भिया, गॅरेजचं जळकं ऑइल लावा, दोन दिवसात साफ." सैल दोऱ्याने निदान नुकसान नाही, पण घट्ट दोऱ्याखाली ओल साचते आणि यीस्टला तेच हवं असतं. जळकं ऑइल मात्र विष आहे, कुत्रा ते चाटणारच. इंटरनेटवाले शहाणे टी ट्री ऑइल सांगतात, नॅचरल म्हणून. निव्वळ टी ट्री ऑइलने कुत्रे थरथरतात, पाय लटपटतात, नॅचरल तर धोतराही आहे.

आणि हो, प्रत्येक खाज यीस्टची नसते. गोचीड-पिसवा असतील, खरजेचे किडे कातडीत बोगदे करून बसले असतील, तर या शाम्पूने त्यांचं काही वाकडं होत नाही, त्यांची औषधं वेगळी. मूळ अ‍ॅलर्जी असेल तर ती पण शाम्पूने जात नाही. म्हणून आधी सेलोटेप आणि मायक्रोस्कोप, मग दुकान.

आता भुऱ्याला आधी फक्त साध्या कोमट पाण्याने भिजवतो (गरम नाही, गरम पाण्याने खाज वाढते), डोळे सांभाळतो कारण क्लोरहेक्सिडिन बुबुळाला वाईट, आणि मोबाइलवर टायमर. तीन आठवड्यात वास गेला, काखेत लव आली. साबण बंद आणि दहा मिनिटं सुरू हे दोन्ही एकदमच केलं, त्यामुळे मुख्य गुन्हेगार कोण हे माझ्या प्रयोगातून काही सिद्ध होत नाही, आईचं तर अजून म्हणणं आहे की पाऊस थांबला म्हणून बरा झाला. सहाव्या मिनिटाला भुऱ्या अंग झाडतो आणि निम्मं औषध माझ्या शर्टवर येतं, ते पुन्हा लावतो आणि टायमर पुन्हा शून्यापासून.