गाठ की दबलेली नस? हातापायात उतरणारं दुखणं ओळखायचं कसं

मान-खांदा दुखायला लागला आणि दुखणं हातात उतरलं की आजूबाजूचे सगळे लगेच निदान करून मोकळे होतात, नस दबली असणार. कंबरेतून पायात कळ गेली की सायटिका. मग माणूस एकतर घाबरून हलायचंच बंद करतो नाहीतर कोणाकडून तरी जोरात चोळून घेतो. पण ही दुखणी दोन वेगळी असू शकतात आणि त्यांचे घरचे उपाय बऱ्यापैकी उलटे आहेत. स्नायूत गाठ असेल तर तिथे दाब दिल्याने बऱ्याचदा आराम पडतो, मणक्यापाशी नस चिडलेली असेल तर जिथे दुखतंय तिथे दाबून फार काही होत नाही आणि ओढाताण केली तर ती अजून चिडते. त्यामुळे बॉल, रोलर, मसाज गन काय हातात घ्यायचं ते घ्या, पण आधी हे काय आहे ते बघा.

आधी गाठ. डॉक्टर, फिजिओ लोक याला ट्रिगर पॉइंट म्हणतात. स्नायूवरून बोट आडवं फिरवलं की ताणलेल्या सुतळीसारखी एक पट्टी लागते आणि त्या पट्टीवर एखादी जागा अशी सापडते की तिथे दाबलं की माणूस दचकतो आणि म्हणतो, हां, हेच, हेच दुखतं मला. हे "हेच" फार महत्त्वाचं आहे, कारण जोरात दाबलं तर कुठेही दुखतं, पण ट्रिगर पॉइंट दाबल्यावर तुमचं रोजचं, ओळखीचं दुखणं तसंच्या तसं जागं होतं, आणि बऱ्याचदा ते दाबलेल्या जागेपासून लांब कुठेतरी होतं. (त्वचेखाली वेगळी गोळी लागत असेल, हळूहळू मोठी होत असेल, तर ती ही गाठ नव्हे, ती चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.)

लांब कुठेतरी कसं काय, हाच प्रश्न सगळ्यांना पडतो आणि इथेच नस दबल्याचा गैरसमज होतो. १९३० च्या दशकाच्या शेवटी लंडनमध्ये जोनास केल्ग्रेन नावाच्या डॉक्टरांनी लोकांच्या स्नायूंमध्ये मिठाच्या पाण्याची इंजेक्शनं देऊन बघितलं, आणि दुखणं सुई टोचली तिथेच न राहता भलतीकडेच जाणवायचं, म्हणजे नसेला धक्काही न लागता दुखणं प्रवास करू शकतं. वेगवेगळ्या भागांतून येणारे वेदनेचे सिग्नल मज्जारज्जूत एकाच ठिकाणी येऊन मिळतात, त्यामुळे मेंदूला नेमकी जागा सांगता येत नाही. पुढे अमेरिकेत डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी कुठल्या स्नायूतलं दुखणं कुठे जाणवतं याचे नकाशे तयार केले. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या पाठदुखीवर उपचार करणाऱ्या आणि १९६१ मध्ये व्हाइट हाउसच्या डॉक्टर झालेल्या त्या ह्याच.

त्या नकाशांतल्या दोनतीन गोष्टी माहिती असल्या तरी खूप काम होतं. मान आणि खांद्याच्या मधला जो जाड स्नायू आहे, जो स्ट्रेसमध्ये आपण नकळत वर उचलून धरतो, त्यातली गाठ मानेच्या बाजूने वर कानशिलापर्यंत दुखते, आणि माणूस डोकेदुखीच्या गोळ्या खात बसतो. खांद्याच्या फऱ्यावर मागच्या बाजूला जो स्नायू आहे त्यातली गाठ खांद्याच्या पुढच्या भागात खोलवर दुखते आणि दंडातून खाली हातात उतरते, आणि कुल्ल्याच्या बाजूच्या खोल स्नायूतली गाठ मांडीच्या बाहेरच्या बाजूने थेट घोट्यापर्यंत जाऊ शकते, हुबेहूब सायटिका वाटावी अशी.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ही गाठ म्हणजे स्नायूत नेमकं काय बिघडलेलं असतं यावर संशोधकांचं अजून एकमत नाही, आणि एकाच पेशंटला दोन जणांनी तपासलं तर दोघांना वेगवेगळ्या जागा सापडतात असंही होतं. म्हणून कोणी बोट लावून "इथे तुमच्या सात गाठी आहेत" म्हणालं की लगेच घाबरू नका. तुमचं ओळखीचं दुखणं जागं होतंय का आणि दाब दिल्यावर थोडं तरी हलकं वाटतंय का, एवढंच बघा.

आता नस. मणक्यांच्या मधून दोन्ही बाजूंना नसा बाहेर पडतात, तिथे डिस्कचा (दोन मणक्यांमधल्या गादीचा) भाग सरकून किंवा वयाप्रमाणे हाड वाढून नसेच्या मुळाला त्रास होतो. हे दुखणं वेगळ्या जातीचं असतं. गाठीचं दुखणं बहुतेकदा बोथट, खोल, ठणकणारं, नेमकं कुठे ते दाखवता न येणारं, आपण सगळा तळवा फिरवून "इथे सगळीकडे" असं दाखवतो. नसेचं दुखणं करंट मारल्यासारखं, जळजळणारं, एका पट्ट्यात जाणारं, बऱ्याचदा बोटाने रेघ ओढून दाखवता येतं. पण खरी ओळख दुखण्यापेक्षा त्याच्या सोबत काय येतं त्यात आहे. मुंग्या, बधिरपणा आणि ताकद कमी होणं, यातलं काही ठरावीक भागात आणि टिकून असेल तर नसेकडे बघायचं. मानेतली सहावी नस साधारण अंगठ्याकडे जाते, सातवी मधल्या बोटाकडे, आठवी करंगळीकडे, आणि कंबरेतली पाचवी पायाच्या अंगठ्याकडे. हे प्रत्येकात शंभर टक्के जुळत नाही पण बधिरपणा अशा पट्ट्यात बसत असेल तर ते लक्षात घ्यावं.

गाठीतही कधीकधी मुंग्या आल्यासारखं वाटतं, तिथे लोक गोंधळतात. मग असं करा, डोळे मिटून कापसाचा बोळा दोन्ही हातांवर एकाच जागी हलकेच फिरवा. दोन्हीकडे सारखंच कळत असेल तर बरं, एका बाजूला फिकं, जाड कातडीवरून फिरवल्यासारखं कळत असेल तर नस. ताकदीचंही तसंच, टाचांवर चालून बघा, पंजांवर चालून बघा, बरण्यांची झाकणं उघडून बघा, दुखतं म्हणून जोर लावत नाही ही वेगळी गोष्ट आणि जोर लावायचाय पण लागतच नाही ही वेगळी.

खोकला, शिंक, जोर करताना कळ हातापायात सणकत जाते का तेही बघा, ते नसेच्या बाजूचं लक्षण. मान त्या बाजूला मागे झुकवली की हातातलं दुखणं वाढतं आणि हात डोक्यावर ठेवला की कमी होतं, असं असेल तरी मानेतली नस असण्याची शक्यता बरीच. (गाठ असलेल्यांना मात्र उलट दुखऱ्या बाजूपासून लांब मान झुकवली की ओढ बसून दुखतं.) फऱ्याच्या आतल्या कडेला, मणका आणि फरा यांच्या मधे सतत ठणकतं आणि कितीही दाबलं तरी तासाभरात परत तेच, असं असेल तर तिथे गाठच आहे असं धरून चालू नका, मानेतल्या नसेचं दुखणं नेमकं त्याच जागी जाणवतं आणि लोक महिनोन्महिने तिथे बॉल दाबत बसतात.

गाठ वाटतेय तर घरी काय. आधी १५-२० मिनिटं शेक, गरम पाण्याची पिशवी पुरे. मग टेनिस बॉल घेऊन भिंतीला पाठ लावून उभं राहा, जमिनीवर झोपून नको, कारण झोपलं की अख्खं वजन बॉलवर येतं आणि दाब कमीजास्त करता येत नाही. फऱ्यामागच्या स्नायूसाठी भिंतीकडे थोडं तिरकं व्हायचं, बॉल फऱ्याच्या मधोमध ठेवायचा आणि गुडघे जरा वाकवत अगदी एकेक बोट सरकायचं, जिथे दंडात ओळखीचं दुखणं उतरतं तिथे थांबायचं. दाब किती, तर दहापैकी पाच दुखेल इतका, श्वास रोखला जात असेल किंवा दात आवळले जात असतील तर तो जास्त झाला. ३० ते ६० सेकंद तसंच राहायचं, हळूहळू दुखणं विरत जातं, मग बाहेर येऊन तो स्नायू सावकाश ताणायचा आणि हात पूर्ण गोल फिरवायचा. एका जागी दिवसातून दोनतीनदा पुरे. जास्त दाबलं म्हणजे लवकर बरं होतं असं अजिबात नाही, काळेनिळे डाग पाडून घेणं म्हणजे उपचार नव्हे. दुसऱ्या दिवशी थोडं अवघडलेलं वाटणं चालतं, दोन दिवसांनंतरही वाढलेलंच असेल तर चुकतंय काहीतरी.

आणि दाबून झाल्यावर परत तीन तास त्याच खुर्चीत त्याच पोझमध्ये बसलात तर गाठ परत येणारच. अर्ध्या तासाने उठा, खांदे फिरवा, झोप नीट घ्या, हळूहळू त्या स्नायूचा व्यायाम सुरू करा. खरं काम हे करतं, बॉल फक्त सुरुवात करून देतो.

मानेच्या पुढच्या बाजूला, काखेत, गुडघ्यामागे बॉल किंवा मसाज गन लावू नका, तिथून रक्तवाहिन्या, नसा अगदी वरून जातात, आणि थेट मणक्यावरही नको. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. एकाच पोटरीला सूज, गरमपणा, लाली असेल तर ती गाठ समजून चोळू नका, रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा.

नसेचं वाटतंय तर घरी काय. दिवसेंदिवस झोपून राहू नका, सोसेल तितकं थोडं थोडं चाला, कुठल्या स्थितीत कळ कमी होते ते शोधा आणि जास्त वेळ त्यात राहा. मांडीची मागची बाजू आखडलीये म्हणून लोक पाय सरळ करून वाकून वाकून ताणतात, पण तिथे ओढ स्नायूची नसते, नसेची असते, आणि प्रत्येक ताणाने ती अजून चिडते. दुखणं पायातून वर सरकत कंबरेत गोळा होत असेल तर कंबर जास्त दुखली तरी ते बहुतेकदा चांगलं लक्षण असतं, आणि खाली खाली जात असेल तर जे करताय ते थांबवा. डिस्कमुळे झालेला बराचसा त्रास ऑपरेशनशिवाय ६ ते १२ आठवड्यांत कमी होतो.

एमआरआयची घाईही नको. २०१५ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, पाठ अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा, त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत डिस्क फुगलेली दिसली. म्हणजे रिपोर्टमध्ये डिस्क बल्ज लिहून आलं म्हणून तुमचं दुखणं त्यानेच आहे असं सिद्ध होत नाही, ते लक्षणांशी जुळलं पाहिजे.

पण काही वेळा एक मिनिटही थांबायचं नाही. लघवी किंवा संडासवरचा ताबा गेला, लघवी अडकली, जांघेत बसायच्या जागी बधिर झालं, तर तडक इमर्जन्सीत. पाऊल उचललं जात नाहीये, हाताची ताकद दिवसेंदिवस कमी होतेय, पडल्याझडल्यानंतर सुरू झालंय, ताप आहे, वजन घटतंय, रात्री झोपेतही दुखतंय, तर लगेच डॉक्टर. डाव्या खांद्यात-हातात दुखणं, सोबत छातीत दाब, घाम, धाप, तर गाठ शोधत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

आणि दोन्ही एकत्र असू शकतं, किंबहुना बरेचदा असतं. नस चिडली की तिच्या आजूबाजूचे स्नायू आवळून धरतात आणि त्यात गाठी होतात, अशा वेळी त्या हलक्या दाबून, शेकून थोडा आराम मिळेल पण बधिरपणा जाणार नाही. दोन-तीन आठवडे नीट करूनही फरक नसेल तर फिजिओकडे किंवा डॉक्टरांकडे जा, आणि जाताना "नस दबलीये" असं निदान सांगू नका, कुठे दाबल्यावर ओळखीचं दुखतं, कुठल्या बोटाला कमी कळतं, काय केल्यावर वाढतं, काय केल्यावर कमी होतं, हे कागदावर लिहून न्या.