दोन नातेवाईक जोडून बनवलेला सेनापती

जपानमध्ये कुणालाही सायगो ताकामोरीचं चित्र दाखवा, लगेच ओळखतील. जाड भुवया, टपोरे डोळे, भरलेले गाल, पैलवानाची मान. पुस्तकात तोच चेहरा, दुकानातल्या खेळण्यांवर तोच. गंमत अशी की या माणसाचा खात्रीचा म्हणावा असा एकसुद्धा फोटो आजवर सापडलेला नाही, आणि तो काही फोटोग्राफीच्या आधीच्या काळातला नव्हता. नागासाकीत उएनो हिकोमाचा फोटो स्टुडिओ 1862 पासून चालू होता, सायगो मेला 1877 मध्ये, म्हणजे पंधरा वर्षं हातात होती. पण हा पठ्ठ्या कॅमेऱ्यासमोर बसलाच नाही. त्याला फोटो काढून घेणं आवडायचं नाही असं सांगतात.

मग हा चेहरा आला कुठून?

आधी माणूस कोण ते थोडक्यात. सायगो हा दक्षिणेकडच्या सात्सुमा संस्थानातला सामुराई, गाव कागोशिमा. 1868 मध्ये शोगुनची, म्हणजे देश चालवणाऱ्या लष्करी शासकाची, सत्ता उलथवून सम्राट मेइजीला पुढे आणलं गेलं त्यातला हा मुख्य सेनापती. पुढे 1873 मध्ये कोरियाच्या प्रश्नावरून सरकारशी बिनसलं, राजीनामा दिला, गावी परत गेला, आणि 1877 च्या फेब्रुवारीत ज्या सरकारला स्वतः जन्माला घातलं त्याच्याच विरुद्ध बंडाचा नेता झाला. 24 सप्टेंबरला कागोशिमातल्या शिरोयामा टेकडीवर खेळ संपला.

त्या सात महिन्यांत तोक्योच्या चित्रवाल्यांची दिवाळी होती. लाकडी ठशांची रंगीत चित्रं, निशिकी-ए म्हणतात त्याला, धडाधड छापून रस्त्यावर विकायला यायची. लढाई चालू दक्षिणेच्या क्यूशू बेटावर, चित्रकार बसलेले हजारेक किलोमीटर लांब तोक्योत, हातात फक्त वर्तमानपत्रातल्या बातम्या. त्यामुळे सायगो कसा दिसतो हे कुणालाच माहीत नाही, मग काय, सेनापती म्हणजे दाढी हवी, पाश्चात्य थाटाचा युनिफॉर्म हवा, छातीवर सोनेरी कशिदा हवा, झालं तयार. बऱ्याच चित्रांत त्याला अशी झुपकेदार दाढी आहे की विचारू नका, आणि प्रत्यक्षात त्याला दाढी नव्हती असंच मानतात.

या चित्रांमधला लाल रंग बघण्यासारखा आहे. अंगावर येतो अगदी. तो आला केमिस्ट्रीमुळे. 1856 मध्ये इंग्लंडात विल्यम पर्किनने कोलटारपासून निघणाऱ्या अ‍ॅनिलीनवर प्रयोग करता करता चुकून जांभळा रंग बनवला, आणि तिथून कृत्रिम रंगांचा धंदाच सुरू झाला. मेइजी काळात हे रंग जपानमध्ये स्वस्तात यायला लागले. जुने झाडापानांचे रंग त्यांच्यापुढे सौम्य पडायचे, हा नवा लाल मात्र रस्त्याच्या पलीकडून नजर ओढायचा. आग, रक्त, सूर्य, झेंडे सगळं लालेलाल. युद्धाची चित्रं विकायला याहून चांगला रंग मिळणार कुठे!

आणि मग ऑगस्टमध्ये आकाशच मदतीला धावून आलं.

1877 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रात्री पूर्वेकडे एक मोठा तांबडा तारा दिसायला लागला. लोक म्हणाले हा सायगो. दुर्बिणीतून नीट बघितलं तर आत युनिफॉर्म घातलेला सायगो दिसतो अशी अफवा पसरली, लोक रात्री अंगणात येऊन बघत बसले, आणि चित्रवाल्यांनी लगोलग तशी चित्रंही काढली: वर ताऱ्याच्या गोल चकाकीत सायगो, खाली हात जोडलेली, बोटं दाखवणारी माणसं. नाव पडलं सायगो-बोशी, म्हणजे सायगो तारा. एडवर्ड मोर्स नावाचा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ त्याच वर्षी तोक्योत शिकवायला आला होता, त्यानेही चित्रांच्या दुकानासमोरची गर्दी आणि असं एक चित्र पाहिल्याचं लिहून ठेवलंय.

तो तारा म्हणजे आपला मंगळ. पृथ्वी आणि मंगळ दोघं सूर्याभोवती फिरतात, पृथ्वी आतल्या ट्रॅकवर, त्यामुळे साधारण 26 महिन्यांनी ती मंगळाला गाठते. तेव्हा सूर्य, पृथ्वी, मंगळ एका रेषेत येतात, याला प्रतियुती म्हणतात. पण मंगळाची कक्षा बऱ्यापैकी लंबगोल आहे, म्हणून प्रत्येक गाठभेट सारखी नसते. मंगळ सूर्याच्या जवळच्या टोकाला असताना प्रतियुती झाली तर तो पृथ्वीच्याही फार जवळ येतो, आणि असा योग 15 ते 17 वर्षांनी एकदा. 1877 च्या सप्टेंबरच्या सुरुवातीची प्रतियुती अशीच होती, अंतर फक्त 5.6 कोटी किलोमीटरच्या आसपास. त्याच मोक्यावर वॉशिंग्टनमध्ये असाफ हॉलने ऑगस्टमध्ये मंगळाचे दोन्ही चंद्र शोधले, आणि मिलानमध्ये खगोलशास्त्रज्ञ स्क्यापारेल्लीला मंगळावर रेषा दिसल्या ज्यांचे पुढे लोकांनी कालवे केले. म्हणजे एकच ग्रह, तेच दिवस, कुणाला चंद्र सापडले, कुणाला नसलेल्या रेषा दिसल्या आणि कुणाला आपला हरत चाललेला सेनापती. शेजारीच शनी होता, त्यालाही सोडलं नाही, सायगोचा साथीदार किरिनो याचं नाव देऊन टाकलं. आपल्याकडे मंगळ आणि शनी शेजारी शेजारी म्हटलं की पत्रिका बघणाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात, तिथे लोकांनी त्यात बंडखोरांची फौज बघितली.

मला यात सगळ्यात भारी वाटतं ते हे की सरकार बंड चिरडत होतं, आणि बंडखोराला ताऱ्यात नेऊन बसवलं ते सरकारच्याच राजधानीतल्या लोकांनी. प्रोपगंडा म्हटलं की आपल्याला वरून खाली येणारी गोष्ट आठवते. इथे ती बाजारातून वर गेली.

आता त्या चेहऱ्याकडे येऊ. एदोआर्दो किओस्सोने हा इटलीतल्या जेनोवाजवळचा कोरीवकाम करणारा कलाकार, नोटांचे ठसे कोरणं हा त्याचा धंदा. जपान सरकारने त्याला 1875 मध्ये नोटा आणि तिकिटं छापायला बोलावलं, आणि तो 1898 मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. सायगोला तो कधीही भेटला नव्हता. 1883 च्या सुमारास, सायगो जाऊन सहाएक वर्षं झाल्यावर, त्याने सायगोचं चित्र काढायला घेतलं, आणि फोटो नाही म्हटल्यावर जुगाड केला: डोळे-कपाळाचा वरचा भाग घेतला धाकटा भाऊ सायगो त्सुगुमिचीचा, आणि नाकाखालचा भाग चुलतभाऊ ओयामा इवाओचा. वर ओळखीच्या लोकांचा सल्ला. झाला सायगो. आणि यातली खरी मजा म्हणजे हे दोघंही 1877 मध्ये सरकारच्या बाजूने होते, ओयामा तर बंड मोडणाऱ्या फौजेत अधिकारी होता. म्हणजे बंडखोराचा चेहरा बनला तो त्याच्याच विरोधात उभ्या राहिलेल्या दोन नातेवाईकांचा.

पण मग हे चित्र बघताना आपल्याला ते जोडकाम का कळत नाही? याचं उत्तर मेंदूत आहे. 1987 मध्ये ब्रिटनमधल्या अँड्र्यू यंग आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. प्रसिद्ध माणसांचे फोटो आडवे कापले, एकाचा वरचा अर्धा दुसऱ्याच्या खालच्या अर्ध्याला नीट जोडला, आणि लोकांना विचारलं वरचा अर्धा कोणाचा. लोक अडखळले. अर्धे भाग जरा बाजूला सरकवले की मात्र पटकन ओळखायचे. चित्र उलटं केलं तरीही अडचण कमी व्हायची. म्हणजे आपला मेंदू चेहरा सुटे पार्ट मोजून वाचत नाही, एकदम अख्खा वाचतो, आणि दोन अर्धे नीट जुळले की त्याला तिसराच नवीन माणूस दिसतो. घरी करून बघा, जुन्या पेपरातले दोन नटांचे सारख्या मापाचे चेहरे नाकाच्या मध्यावर कापायचे आणि चिकटवायचे, पाच मिनिटांचं काम. किओस्सोनेला हे सगळं अर्थातच माहीत नव्हतं, त्याच्यानंतर शंभरेक वर्षांनी कुणीतरी मोजलं.

हाच किओस्सोने पुढे 1888 मध्ये खुद्द सम्राटाच्या चेहऱ्यापर्यंत पोचला. मेइजीचे फोटो उचिदा कुइचीने 1872 आणि 1873 मध्ये काढले होते, आधी दरबारी पोशाखात, मग केस कापून पाश्चात्य युनिफॉर्ममध्ये. तेव्हा फोटो रसायन लावलेल्या ओल्या काचेवर निघायचा, ती काच निळ्या प्रकाशाला चटकन दाद द्यायची आणि लाल-पिवळ्याला जवळपास आंधळी, त्यामुळे कातडी असते त्यापेक्षा काळवंडलेली यायची, शिवाय कित्येक सेकंद हलायचं नाही, मग कोण रुबाबदार दिसणार! त्यात हे फोटो जुने होत चालले आणि सम्राट नवीन काढू देईना. शेवटी दरबारी मंडळींनी किओस्सोनेला एका समारंभात दाराआड लपवून ठेवलं, त्याने जेवणाऱ्या सम्राटाकडे चोरून बघत कच्ची चित्रं काढली, मग ऐटीत बसलेला, हातात तलवार धरलेला सम्राट रंगवला, आणि फोटोग्राफर मारुकी रियोने त्या चित्राचा फोटो काढला. देशभरच्या शाळांमध्ये गेला तो हा फोटो. मुलं त्याच्यापुढे वाकायची, आग लागली तर तो वाचवताना शिक्षकांनी जीव गमावल्याच्या घटना आहेत. चित्राचा फोटो होता तो, पण फोटो म्हटला की खरा, हा विश्वास तेव्हाही होता.

सायगोच्या बाबतीत ही हौस अजून फिटलेली नाही. नागासाकीतल्या व्हर्बेक नावाच्या मिशनऱ्याचा विद्यार्थ्यांबरोबरचा ग्रुप फोटो आहे, त्यात सायगो आहे, त्याच क्रांतीतला सामुराई साकामोतो र्‍योमा आहे, तरुण सम्राटसुद्धा आहे असं 1970 च्या दशकापासून सांगितलं जातंय. इतिहासकारांनी कधीच खोडून काढलंय, ती सागा संस्थानातली साधी पोरं आहेत, तरी तो फोटो दर थोड्या वर्षांनी नव्याने फिरायला लागतो.

1889 मध्ये नवी राज्यघटना आली तेव्हा सायगोला मरणोत्तर माफी मिळाली, आणि 18 डिसेंबर 1898 ला तोक्योच्या उएनोमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. शिल्पकार ताकामुरा कोउन. जागा विचार करून निवडलेली, 1868 मध्ये शोगुनच्या माणसांना सायगोच्या फौजेने इथेच हरवलं होतं. पण पुतळ्याच्या अंगावर सेनापतीचा युनिफॉर्म नाही. साधा आखूड किमोनो, पायात गवताच्या चपला, हातात कुत्र्याची दोरी, शिकारीला निघालेला गावचा माणूस. सरकारशी लढलेला सेनापती वर्दीत उभा करणं जड गेलं असावं असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं, आणि मलाही ते पटतं. उद्घाटनाला सायगोची बायको इतो आली होती. पुतळा बघून ती कागोशिमाच्या बोलीत म्हणाली म्हणे, आमचे हे असे नव्हते हो. ती चेहऱ्याबद्दल बोलत होती की घरातल्या कपड्यांवर नवऱ्याला चारचौघांत उभं केलं त्याबद्दल, यावर आजही वाद चालतो.