विमानांपेक्षा पक्षी: लिंडबर्गच्या वन्यजीव-पत्रांमागचा इतिहास

२० मे १९२७ रोजी अमेरिकी वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग न्यूयॉर्कजवळच्या रूझवेल्ट फील्डवरून एकटाच उडाला आणि साडेतेहतीस तासांनी पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळावर उतरला. त्यानंतर सह्या मागणाऱ्यांचा असा ससेमिरा लागला की तो सही देणंच टाळू लागला. अशा माणसाने देवमाशांसाठी किंवा गरुडासाठी हाताने पानं भरून पत्र लिहिलेलं दिसलं, तर आधी त्यावरची तारीख बघावी. असं पत्र बहुधा १९६० नंतरचं निघतं.

याची सुरुवात पूर्व आफ्रिकेत झाली. केनियातल्या मुक्कामानंतर जुलै १९६४च्या ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये त्याचा लेख आला. विमान बांधणं हे पक्षी घडण्याच्या मानाने सोपं काम आहे आणि निवड करायचीच झाली तर आपण विमानांऐवजी पक्षी घेऊ, असं त्यात त्याने लिहिलं. हे वाक्य सगळीकडे उद्धृत होतं. पण त्याने पुढे केलेलं काम त्या वाक्याहून मोलाचं आहे.

पॅन ऍम या विमानकंपनीशी त्याचा जुना संबंध होता, त्यामुळे जगभर फिरणं सोपं होतं. नावाच्या जोरावर राष्ट्राध्यक्षांची आणि मंत्र्यांची भेटही मिळे. देवमाशांच्या बाबतीत याचा खरा उपयोग झाला. निळा देवमासा आणि कुबड देवमासा यांना आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाने १९६६च्या सुमारास संरक्षण दिलं, पण आयोगाचे नियम फक्त सदस्य देशांना लागू होते. पेरू आणि चिली १९७९पर्यंत सदस्यच नव्हते. तिथे ठराव पाठवून काही होण्यासारखं नव्हतं, कुणीतरी समोर बसून बोलायला हवं होतं. लिंडबर्गने ते केलं.

फिलिपिन्समध्ये तो दोन प्राण्यांसाठी झटला. तामाराव ही फक्त मिंडोरो बेटावर आढळणारी बुटकी रानम्हैस, आपल्या म्हशीचीच चुलत बहीण. १९३०च्या दशकातली बुळकांडी ही गुरांची साथ, मग शिकार आणि गुरांसाठी साफ केलेली रानं, यामुळे १९६९च्या सुमारास ती शंभरच्या आसपास उरली होती. दुसरा, माकडं खाणारा गरुड. जेमतेम मीटरभर लांबीचा हा पक्षी पिंजऱ्यासाठी पकडला जाई, नाहीतर पेंढा भरून दिवाणखान्यात ठेवला जाई. १९७०च्या नोव्हेंबरमध्ये फिलिपिन्सने कायदा क्रमांक ६१४७ करून त्याला संरक्षण दिलं. त्याचं नाव बदलून ‘फिलिपाइन गरुड’ झालं ते १९७८मध्ये, आणि राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळाला १९९५मध्ये.

कायदा होऊनही गरुड अजून संकटातच आहे. मादी एका वेळी एकच अंडं घालते, पिल्लू दीड वर्षाहून जास्त काळ आईबापांवर अवलंबून राहतं, म्हणजे जोडी दोन वर्षांतून एकदाच वीण करते. एका जोडीला साधारण ४,००० ते ११,००० हेक्टर जंगल लागतं. बंदूक थांबवली तरी कुऱ्हाड चालू असेल, तर हे गणित बसत नाही.

मार्च १९६८मध्ये लिंडबर्गने अलास्काच्या विधिमंडळापुढे जूनो इथे वन्यजीवांच्या बाजूने भाषण केलं. तिथे तेव्हा लांडग्यांच्या कातड्यावर इनाम मिळे आणि ध्रुवीय अस्वलांची शिकार विमानातून होई. स्की लावलेली दोन हलकी विमानं निघत: एक वर घिरट्या घाली, दुसरं शिकाऱ्याला बर्फावर उतरवी. ज्याने आयुष्य विमानांत घालवलं, त्याच्यासमोर विमान हत्यार म्हणून उभं होतं. विमानातून शिकारीवर बंदी घालणारा अमेरिकी कायदा १९७१चा, सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा १९७२चा.

याच माणसाने १९३८मध्ये हिटलरचा हवाईदलप्रमुख गोअरिंग याच्या हातून नाझी पदक घेतलं आणि ११ सप्टेंबर १९४१ला अमेरिकेतल्या डे मॉइन शहरात केलेल्या भाषणात अमेरिकेला युद्धात ढकलल्याचा ठपका ज्यूंवरही ठेवला. गरुडाच्या पत्रामुळे ते पुसलं जात नाही.

असं पत्र खरं की नक्कल हे पाहताना पत्त्यावरून काळ जुळवावा. हवाईतल्या माउई बेटावरचं त्याचं घर १९७१च्या सुमाराचं, तेव्हा तो पत्ता १९६४च्या पत्रावर असेल तर थांबावं. कागद तिरक्या उजेडात धरावा: बॉलपेनचा दाब मागून उठलेला दिसतो, छापील नकलेत तो नसतो. अतिनील दिव्याखाली निळसर चमकणाऱ्या कागदात उजळवणारं रसायन असतं. ते कागदात १९५०च्या आसपास येऊ लागलं, म्हणून १९२७च्या पत्राचा असा कागद चमकला तर दाट संशय. १९६८च्या पत्राबाबत या चाचणीने काहीच सिद्ध होत नाही. अनेक जण इथेच फसतात.

खरं ठरलं तर लॅमिनेट करू नये, चिकटपट्टी लावू नये. बॉलपेनची शाई प्रकाशाने विटते, तेव्हा मूळ पत्र आम्लविरहित पाकिटात अंधारात ठेवावं आणि भिंतीवर छायाप्रत टांगावी.